खालच्या मजल्यावर दिलेली ताटली

ओल्फाला व्हिसा मिळाला तेव्हा मी खोलीत एकटीच नाचले. आधी दोनदा नाकारला होता. तिसऱ्यांदा मिळाला, तोही अगदी मापून, परतीच्या तिकिटाच्या दुसऱ्या दिवशी संपणारा.

"एक दिवस जरी जास्त राहिले ना, तर जन्मात पुन्हा दारात उभं करणार नाहीत," ती फोनवर म्हणाली. "म्हणजे भांडायला वेळ कमी आहे, एम्ना. मी उतरले की लगेच सुरू करू."

आम्ही दोघी ऐन द्राहमच्या. ट्युनिशियातलं आमचं गाव डोंगरात आहे, चहूबाजूंनी ओकचं जंगल, ज्याच्या सालीची बुचं करतात त्या ओकचं. ती तिथेच बालवाडीत शिकवते. मी इंजिनियर व्हायला म्हणून कायझर्सलाउटर्नला आले आणि तीन वर्षं झाली तरी अजून होतेच आहे. ओल्फा आली ती अर्धी बॅग माझ्या आईची घेऊन. हरीसाच्या, म्हणजे लाल मिरचीच्या वाटणाच्या, बरण्या, ऑलिव्हचं तेल, खजूर, भाजलेलं पीठ. "तुझ्या आईने मला माणूस म्हणून नाही पाठवलं, गाढव म्हणून पाठवलंय," असं म्हणत तिने माझ्या खोलीभर पसारा मांडला.

पहिल्याच सकाळी ती जिन्यात जाऊन कान देऊन उभी राहिली.

"काय ऐकतेस?"

"काहीच ऐकू येत नाही, तेच ऐकतेय. इथे माणसं राहतात की कबरी आहेत गं? ना रेडिओ, ना पोरांची आरडाओरड, ना कुणाच्या कांद्याचा वास."

"हळू बोल. खाली डाउटरमान आहेत."

डाउटरमान म्हणजे माझ्या बरोबर खालच्या घरात राहणारे म्हातारे गृहस्थ. एकटेच. तीन वर्षांत ते माझ्याशी जी वाक्यं बोलले ती मला पाठ होती. जिना पुसायची पाळी या आठवड्यात तुमची आहे. सायकल इथे ठेवू नका. दहानंतर शॉवर घेऊ नका, पाइप वाजतो. मी चुकून खुर्ची ओढली की खालून झाडूच्या दांड्याने छतावर ठोकत. मीही मग मुद्दाम टाचा आपटत चालायची. त्यांचं आणि माझं नातं एवढंच.

हे मी ओल्फाला खूप रंगवून सांगितलं. वाटलं, हसेल. तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी कुणाला मारून आले होते.

"एकटा म्हातारा माणूस. आणि तू तीन वर्षांत त्याच्या हातावर एक खजूर ठेवला नाहीस?"

"इथे असं करत नाहीत, ओल्फा."

"इथे करत नाहीत! आणि तू कुठली गं? बर्लिनच्या राजवाड्यातली?"

मी विषय बदलला. मला अभ्यास होता. सोमवारी परीक्षा होती आणि त्या विषयाची ही माझी तिसरी वेळ. इथे तिसऱ्यांदा नापास झालं की संपलं, मग त्या विषयाचं दार देशभर बंद. पाहुणी घरात आणि डोक्यावर ही तलवार, त्यामुळे रविवारी सकाळी मी ओल्फाला सरळ म्हटलं, "बाई, तू जरा फिरून ये. विद्यापीठाच्या मागे जंगल सुरू होतं. हरवलीस तर ज्याच्याजवळ कुत्रं असेल त्याला विचार."

ती दुपारच्या आधी परत आली ती गालावर लाली आणि शालीत गाठोडं घेऊन. गाठोडं टेबलावर माझ्या वहीवरच सोडलं. आत अळंबीच अळंबी.

"एम्ना, आजी हे बघून रडली असती! ओकच्या झाडाखाली नुसता सडा पडलाय आणि उचलायला कुत्रं नाही. कुत्री होती, पण माणसं नव्हती. हे लोक आंधळे आहेत का?"

मी मान वर करून पाहिलं. गुबगुबीत, पांढरट, देठाच्या मुळाशी अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पिशवी. पावसाळ्यानंतर आमच्या डोंगरात बायका टोपल्या भरभरून आणतात तीच. मला एकदम घराचा वास आला.

"एक बाई थांबली होती," ओल्फा चुलीपाशी जात म्हणाली. "माझ्या शालीकडे बोट दाखवून बराच वेळ काहीतरी सांगत होती. हेवा वाटला असेल बिचारीला. मी हसून 'डांके डांके' म्हणत आभार मानले आणि दोन अळंब्या तिला देऊ केल्या, तर पळालीच."

आम्ही दोघी खूप हसलो.

मग ओल्फाने आदल्या दिवशी आणलेलं मटण शिजवलं, त्यात लसूण, टोमॅटो, हरीसा आणि शेवटी अळंबी. पातेलं तसंच मध्ये ठेवलं आणि पाव मोडून आम्ही जेवायला बसलो. माझं डोकं सूत्रांमध्ये होतं. मी मटणाचे तुकडे वेचून खाल्ले, दोन-चार घास अळंबीचे घेतले. ती मात्र दर घासाला माझ्याकडे अळंबी सरकवायची. "घे गं, माझ्या गळ्याची शपथ. अंगात जीव नाही तुझ्या. इथे काय बटाटे खाऊन जगतेस?" मी परत तिच्याकडे ढकलायची. शेवटी तिनेच पातेलं पावाने पुसून काढलं. मग मी दार लावून अभ्यासाला बसले. बाहेर तिने भांडी घासली, गाणी म्हटली, एकदा घराचं दार उघडल्याचा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही.

त्या रात्रीचं मी सांगत नाही. न्हाणीघर एकच होतं आणि आम्ही दोघी होतो. पहाटेपर्यंत पोटात काही म्हणजे काही उरलं नव्हतं, तरी आतडी पिळवटत होती. सोमवारी परीक्षेच्या वेळी मी फरशीवर गाल टेकवून पडले होते आणि मटणवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. ओल्फाने कशीबशी उठून कॉफीची पूड लिंबाच्या रसात कालवली, आमच्या घरचं औषध, आणि दोघींनी डोळे मिटून ती गिळली. दिवस तसाच गेला.

आणि मंगळवारी सकाळी दोघी बऱ्या. अगदी ठणठणीत. ओल्फाने चीज लावून पावाचे चार तुकडे खाल्ले.

"बघितलंस? कॉफी आणि लिंबू. आणि तुमचे लोक मोठी मोठी इस्पितळं बांधत बसलेत."

त्याच दिवशी दुपारी तिचं विमान होतं. मी तिला फ्रँकफर्टपर्यंत सोडणार होते, पण माझ्या मानेवर परीक्षा बसली होती. आजारी असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र दिलं नाही तर गैरहजर म्हणजे नापास. आदल्या दिवशी दवाखान्यापर्यंत जायची ताकद नव्हती. आता ताकद होती, पण आजार नव्हता. ओल्फाला हे काही केल्या पटेना.

"म्हणजे तू बरी झालीस, म्हणून डॉक्टरकडे चाललीस?"

"कागद लागतो, बाई."

"आमच्याकडे माणूस मरायला टेकल्याशिवाय डॉक्टरचं नाव काढत नाही. तू बरी होऊन चाललीस! पक्की जर्मन झालीस हो." बसस्टॉपवर तिने मला इतकं घट्ट धरलं की बसवाल्याने हॉर्न वाजवला. "रडू नकोस. कागद आण, पास हो, आणि पुढच्या वेळी मटण नीट बघून घे."

ती स्टेशनला गेली. मी दवाखान्यात गेले.

डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"काल आजारी होतात."

"हो."

"आज बऱ्या आहात. आणि प्रमाणपत्र कालच्या तारखेचं हवंय."

"हो."

"काल परीक्षा असावी."

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात जे हसू होतं ना, त्याने माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मी खोटं बोलत नाहीये. माझी मैत्रीणही आजारी होती. दोघी रात्रभर ओकत होतो. तिला फोन करून विचारा."

"ठीक आहे, ठीक आहे. काय खाल्लं होतंत?"

"मटण. मटणच खराब होतं. टोमॅटो, लसूण, पाव, अळंबी."

"डब्यातली अळंबी?"

"डब्यातली कशाला? ताजी. माझ्या मैत्रिणीने जंगलातून वेचून आणलेली."

त्यांची बोटं कीबोर्डवरच थांबली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

"जेवल्यावर लगेच त्रास झाला का?"

"नाही. दुपारी जेवलो, रात्री सुरू झालं."

"कशी दिसत होती?"

मी सांगितलं. पांढरट, थोडी हिरवी झाक, खाली पिशवी. त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर चित्र होतं.

"अशी?"

"हो, हीच!" मला आनंदच झाला. "म्हणजे तुमच्याकडेही खातात?"

ते हसले नाहीत. फोन उचलला आणि नंबर फिरवता फिरवताच मला म्हणाले, "फ्राउ खमीरी, नीट ऐका. ही खाण्याची अळंबी नाही. हिच्याइतकी माणसं मारणारी दुसरी अळंबी या देशात नाही. तुमच्या देशात हिच्यासारखी दिसणारी दुसरी असेल, इथे ही आहे. दर वर्षी परदेशातून आलेलं कुणी ना कुणी हीच चूक करतं."

"पण मी बरी आहे."

"तेच तर. पहिला त्रास थांबतो, माणसाला वाटतं आपण सुटलो. त्याच वेळात विष यकृत पोखरत असतं. पुढचा त्रास सुरू झाला की मग फार उशीर झालेला असतो." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "तुमची मैत्रीण कुठे आहे?"

 बसस्टॉपवर मला घट्ट धरून हसणारी ओल्फा डोळ्यांसमोर उभी राहिली. ती आत्ता गाडीत बसली असेल. मग विमानात. मग समुद्रावर. मग आमच्या डोंगरातल्या घरी, जिथे जवळचा धड दवाखाना गाठायला अर्धा दिवस लागतो, आणि तिथे ती पोटावर हात ठेवून म्हणेल, कॉफी-लिंबू आणा.  तीन वेळा चुकीची बटणं दाबल्यावर फोन लागला.

"काय गं, आत्ताच आठवण आली?" मागे गाडीचा आवाज. "मस्त खिडकी मिळालीय. तो तपासनीससुद्धा देखणा आहे."

"ओल्फा, उतर. पुढच्या स्टेशनवर उतर. ती अळंबी विषारी होती."

 ती खो-खो हसली.

"डॉक्टरने कागद दिला नाही वाटतं?"

"मी थट्टा करत नाहीये. चित्र दाखवलं त्यांनी मला. तीच आहे. यकृत खाते ती. बरं वाटतं ते खोटं असतं, नंतर..."

"एम्ना." आता तिचा आवाज चढला. "माझ्या आजीने मला चालायला लागल्यापासून अळंबी वेचायला शिकवलंय. तिच्या आईने तिला. आमच्या घरात आजवर कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही, आणि आता जन्मभर बटाटे खाल्लेला एक डॉक्टर मला शिकवणार?"

"इथलं जंगल वेगळं आहे!"

"जंगल ते जंगल. मी ठणठणीत आहे. आणि उतरू कशी? उद्या व्हिसा संपतो. विमान चुकलं तर मी त्यांच्या वहीत कायमची चोर. तुला माहीत आहे मी तो कसा मिळवलाय."

मी ओरडले. मी तिला गाढव म्हटलं, तिच्या आजीबद्दल नको ते बोलले, मग रडले. ती ऐकेना. तिचं तरी काय चुकलं? पोट दुखत नाही, डोकं दुखत नाही, बाहेर ऊन पडलंय आणि फोनवर मैत्रीण किंचाळतेय की तू मरणार आहेस. मीही उतरले नसते.

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "आणखी कुणी खाल्लं का? तुम्ही दोघी सोडून?"

मी तेच तिला विचारलं. खरं तर विचारायचं म्हणून विचारलं, कारण घरात दोघीच होतो.

 फक्त गाडीची खडखड. मला वाटलं लाइन तुटली.

"ओल्फा?"

"खालचे काका," ती म्हणाली.

"काय खालचे काका?"

"मी त्यांना ताटली दिली." तिचा हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तू अभ्यास करत होतीस. जिनाभर वास सुटला होता गं. वास गेला त्याच्या घरी घास जायला नको? मी बेल वाजवली आणि दिली. गच्च भरून दिली. आणि एम्ना, आज सकाळी बॅग घेऊन खाली उतरताना त्यांनी दार उघडून ताटली परत दिली. तू पुढे गेली होतीस. धुऊन पुसून दिली. पोटावर हात फिरवला, बोटांचं चुंबन घेऊन दाखवलं. म्हणाले, लेकर, लेकर, म्हणजे चवदार ना. सगळं खाल्लंय त्यांनी."

 मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्या घराचा पत्ता दुसऱ्या फोनवर सांगायला सुरुवात केली.

"मी उतरतेय," ओल्फा म्हणाली. "पुढचं स्टेशन आलंय. मी उतरतेय. तू त्यांच्याकडे कुणालातरी पाठव, आत्ताच्या आत्ता, माझ्याकडे नको, त्यांच्याकडे." आणि दारं उघडल्याचा आवाज आला. तिचा जीव, तिचं यकृत, माझं रडणं, कशासाठीच ती उतरली नसती. एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी उतरली.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी मोठ्या इस्पितळात एकाच खोलीत होतो, दोघींच्या हाताला सलाइनच्या नळ्या. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि काही लपवत नव्हत्या. माझं रक्त थोडं बिघडलं होतं, सुधारेल असं वाटत होतं. ओल्फाचं खूप बिघडलं होतं आणि अजून बिघडत होतं. उशीर झालाय, पण अगदीच वेळ गेलेली नाही, असं त्या म्हणाल्या. यकृत सावरलं नाही तर दुसऱ्याचं बसवावं लागेल. मी हे तिला आमच्या भाषेत सांगितलं.  तिने शांतपणे ऐकलं.

"हो. काका सापडले?"

सापडले नव्हते. रुग्णवाहिकेची माणसं गेली होती, बेल वाजवली, दार ठोठावलं, आतून आवाज नाही. मग पोलिसांनी कुलूप फोडलं. आत अंथरूण घडी घातलेलं, खिडकी तिरपी उघडी, भांडी कोरडी. माणूस नाही. शहरातल्या कुठल्याच दवाखान्यात ते आले नव्हते. मोबाइल त्यांच्याकडे नव्हताच. एक पोलीस आमच्या खोलीत येऊन मला विचारू लागला: नातेवाईक कुठे असतात? मित्र? नेहमी कुठे जातात? पहिलं नाव काय?

"मला माहीत नाही," मी प्रत्येक प्रश्नाला म्हणत होते. त्यांच्या डोक्यावर तीन वर्षं टाचा आपटल्या आणि त्यांचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. लाजेने मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ओल्फाच्या डोळ्यांत पिवळेपणा आला. तिसऱ्या दिवशी तर तिचा चेहरा पाहून मला तोंड फिरवावंसं वाटलं. ती मात्र दार उघडलं की एकच विचारायची. जेवण आणणाऱ्या बाईला, फरशी पुसणाऱ्याला, सगळ्यांना, तिला येणाऱ्या चार जर्मन शब्दांत: म्हातारा माणूस? सापडला?

"तो कुठेतरी पडला असेल," ती मला म्हणाली. "बाकावर, नाहीतर जंगलात. पोट धरून. आणि त्याला कळणारही नाही का ते. एम्ना, आपण ज्याचं वाईट करतो त्याला निदान माहीत तरी असतं. मी त्याला हसत हसत दिलं. 'घ्या' म्हणून हातात कोंबलं."

"तुला काय माहीत होतं?"

"ती बाई सांगत होती ना जंगलात. मी तिला डांके म्हटलं." आणि मग ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. व्हिसा केव्हाच संपला होता. ते तिला नर्सने सांगितलं, तर तिने नुसता हात झटकला.

पुढच्या सकाळी डॉक्टरीणबाई रक्ताचा निकाल घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच पलंगाच्या कडेवर बसल्या. आकडे चढायचे थांबले होते. थोडे उतरलेही होते. "तिला सांगा, तिचं यकृत तिच्याइतकंच हट्टी दिसतंय," त्या म्हणाल्या. मी सांगितलं आणि पलंगाचा कठडा धरून हुंदके देऊन रडले. ओल्फाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण हसली नाही. "आणि काका?" म्हणाली.

तेवढ्यात बाहेर आरडाओरडा सुरू झाला. तो आवाज मी हजारांत ओळखला असता.

"माझं दार कुणी फोडलं? मला त्याचं उत्तर हवंय! पोलीस म्हणतात इथे विचारा!"

डाउटरमान दारात उभे होते. चिखलाचे जाडजूड बूट, पाठीवर पिशवी, हातात काठी, गाल उन्हाने लाल. त्यांच्या पायी फिरणाऱ्या मंडळाबरोबर ते डोंगरात गेले होते. दर वर्षी जातात. घरी येतात तो दाराला पोलिसांची पट्टी.

 ओल्फा उठून बसली. डॉक्टरीणबाई झटकन त्यांच्याकडे गेल्या, दंड धरला आणि नर्सला खुर्ची आणायला सांगितलं. "आधी बसा. रक्त घ्यायचंय. पोटात दुखतंय का? लघवी कशी होते?"

"हात सोडा! मला काही झालेलं नाही!"

"तुम्ही विषारी अळंबी खाल्ली आहे, हेर डाउटरमान. रविवारी. या मुलीने दिलेली. ती गेले तीन दिवस तुमच्या काळजीने तळमळतेय."

त्यांनी ओल्फाकडे पाहिलं. तिच्या पिवळ्या डोळ्यांकडे, हातातल्या नळीकडे. मग माझ्याकडे. काठी भिंतीला टेकवायला त्यांना बराच वेळ लागला.

"मी खाल्ली नाही," ते म्हणाले.

"ताटली रिकामी होती," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात छान होती."

"ताटली मी धुतली. मग काय म्हणायला हवं होतं? की ओल्या कचऱ्यात टाकलं?" त्यांचे कान लालबुंद झाले. "त्याच दिवशी टाकलं. दार बंद केलं आणि टाकलं. आता कळलं ना? द्या माझ्या कुलपाचं उत्तर."

माझ्या अंगात संताप उसळला, सवयीनेच. आमच्याकडे रस्त्यात पावाचा तुकडा पडलेला दिसला तर उचलून, ओठांना लावून, कडेला ठेवतात. दारावर आलेलं ताट कचऱ्यात टाकणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही. आणि त्याच क्षणी मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं.

"काय म्हणतायत?" ओल्फाने माझी बाही ओढली. "बोल ना. किती खाल्लं?"

"काहीच नाही. फेकून दिलं. तू वळलीस आणि फेकून दिलं."

तिने ते दोनदा ऐकलं. मग पाय खाली सोडले, सलाइनचा दांडा हाताशी धरला आणि नर्स नको नको म्हणत असताना अडखळत त्यांच्यापर्यंत गेली. टाचा उंचावून तिने त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आजोबांचं घ्यावं तसं. ते खांबासारखे ताठ उभे.

"त्यांना सांग," ती रडत आणि हसत म्हणाली, "ज्या हातांनी फेकलं, त्या हातांना देव सुखी ठेवो."

मी सांगितलं. त्यांनी घसा खाकरला. "बरं," म्हणाले. 

ओल्फा अजून दांड्याला धरून तिथेच उभी होती. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"एम्ना, एक विचार त्यांना. अळंबी नसती, नुसतं मटण असतं, तर खाल्लं असतं का?"

"जाऊ दे ना गं."

"विचार."

मी विचारलं. डाउटरमान आपल्या चिखलाच्या बुटांकडे बघत राहिले. खोटं बोलायची त्यांना पुरेपूर संधी होती, आणि खोटं बोलायची सवयही होती, हे आम्ही पाहिलं होतं. पण समोर ती तशी उभी होती.

"नाइन," ते म्हणाले.

मला भाषांतर करावं लागलं नाही. तेवढं 'नाही' तिला येत होतं.